गेम बंद कोण करतं? कंपनी, ॲप स्टोअर, सरकार आणि आपली मुलं



सातवीच्या वर्गात मूलभूत हक्क शिकवत होतो. स्वातंत्र्याचा हक्क, त्यावर वाजवी बंधनं, असं सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, माझ्या दादानं गेममध्ये पैसे भरून ड्रेस आणि बंदूक घेतली होती. मग तो गेमच बंद झाला. ते पैसे कोणी घेतले? सरकारनं की कंपनीनं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "नंतर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर लक्षात आलं की, त्या मुलानं धड्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला होता. एखादी गोष्ट आपल्याकडून काढून घेतली जाते, तेव्हा ती कोणी काढून घेतली, कोणत्या अधिकारानं, आणि दाद कुठे मागायची? त्याला उत्तर देण्यासाठी जी तयारी केली, ती इथे मांडतो आहे. इतर शिक्षकांना वर्गात आणि पालकांना घरी उपयोगी पडेल.

उत्तराचा गाभा असा: मोबाइलवरच्या एका गेमवर तीन जणांची सत्ता चालते. गेम बनवणारी कंपनी, गेम पोहोचवणारं ॲप स्टोअर आणि सरकार. मैदानावर एक पंच असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. इथे पंच तीन आहेत आणि मुलांना एकही दिसत नाही.

पहिली सत्ता: गेम बनवणारी कंपनी

दुकानातून कॅरम बोर्ड आणला की तो आपला. दुकान बंद पडलं तरी बोर्ड घरीच राहतो. मोबाइल गेमचं तसं नाही. तिथे आपण वस्तू घेत नाही, वापरण्याची परवानगी घेतो. गेममधला ड्रेस, बंदूक, नाणी हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. "सहमत आहे" हे बटण दाबताना जो लांबलचक मजकूर आपण वाचत नाही, त्यात हेच लिहिलेलं असतं. कंपनीनं सर्व्हर बंद केला की सगळं संपलं.

युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोकांनी पूर्ण पैसे भरून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि गेम चालेनासा झाला. त्यातून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली. विकलेला गेम नंतरही चालता ठेवण्याचं बंधन कंपन्यांवर घाला, या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की, ग्राहकाला फक्त वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर "विकत घ्या" म्हणताना ते स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आता आपल्याकडचा एक मुद्दा, जो बहुतेक पालकांना ठाऊक नसतो. "सहमत आहे" हा करार असतो, आणि भारतीय करार कायदा १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' व्यक्ती, करार करण्यास पात्र नसते. १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कोलकात्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की, अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच निरर्थक असतो. त्या खटल्यात एका अज्ञान मुलानं सावकाराकडे घर गहाण ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा निकाल आजही आपल्या कायद्याच्या अभ्यासात पहिल्या धड्यात येतो.

मग बारा वर्षांच्या मुलानं दाबलेल्या बटणाचं काय? कायद्याचं तत्त्व मुलाच्या बाजूनं आहे. पण व्यवहारात मूल वडिलांच्या फोनवर, आईच्या खात्यावरून, घरातल्या कार्डानं खरेदी करतं. कंपनी म्हणते, खातं सज्ञान माणसाचं आहे, त्यानंच खरेदी केली. म्हणून कागदावर हक्क असूनही पैसे परत मिळतीलच असं नाही. हे मुलांना आणि पालकांना दोघांनाही सांगायला हवं.

दुसरी सत्ता: ॲप स्टोअर

गेम कंपनीनं बनवला तरी तो आपल्या फोनपर्यंत येतो गूगल किंवा ॲपलच्या दुकानातून. या दुकानदारांचे स्वतःचे नियम असतात. ते मोडले तर कितीही मोठी कंपनी असो, तिचा गेम फळीवरून उतरतो.

'फोर्टनाइट' गेम बनवणारी एपिक गेम्स ही कंपनी आणि ॲपल यांचं भांडण याच गोष्टीवरून झालं. गेममध्ये नाणी विकली की त्यातले ३० टक्के ॲपलला द्यावे लागत. १३ ऑगस्ट २०२० ला एपिकनं गेममध्येच थेट पैसे भरण्याची सोय केली. त्याच दिवशी ॲपलनं फोर्टनाइट आपल्या दुकानातून काढून टाकला. प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेस रॉजर्स यांनी दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूनं निकाल दिला. पण बाहेर कुठे स्वस्तात पैसे भरता येतात हे ग्राहकाला सांगण्यावर बंदी घालता येणार नाही, असंही बजावलं. तो आदेश ॲपलनं नीट पाळला नाही, असं २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी ठरवलं. त्यानंतर जवळपास पाच वर्षांनी फोर्टनाइट अमेरिकेतल्या आयफोनवर परत आला.

मुलांना हे सांगताना बाजाराचं उदाहरण द्या. शेतकरी माल पिकवतो, पण बाजार समितीच्या गाळ्याशिवाय तो विकलाच जात नसेल, तर गाळेवाला किती टक्के कापणार, याला कोणी मर्यादा घालायची? आपल्याकडे हे काम भारतीय स्पर्धा आयोगाचं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगानं गूगलला प्ले स्टोअरमधल्या पैसे भरण्याच्या सक्तीच्या नियमांबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. पुढे अपिलात, मार्च २०२५ मध्ये, ही रक्कम कमी होऊन सुमारे २१७ कोटींवर आली.

तिसरी सत्ता: सरकार

आता मुलांना सगळ्यात जास्त आठवणारं उदाहरण. पब्जी.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यात पब्जी मोबाइल होता. मूळ गेम दक्षिण कोरियाच्या कंपनीचा, पण मोबाइलवरची आवृत्ती चीनच्या टेन्सेंटशी जोडलेली. जूनमध्ये गलवान खोऱ्यात चकमक झाली होती, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस टिकटॉकसह ५९ ॲप्स आधीच बंद झाली होती.

पालकसभेत मी विचारून पाहिलं, "पब्जी का बंद झाला?" बहुतेकांचं उत्तर एकच: "मुलं बिघडत होती म्हणून." आपल्यालाही तसंच वाटतं. पण कायद्यात ते कारण नाही! बंदी घातली गेली माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९अ खाली. या कलमात ठरावीकच कारणं आहेत: भारताचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, देशाचं संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणं. अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, मूल जेवत नाही, यातलं एकही कारण तिथे बसत नाही. सरकारनंही तेव्हा देशाची सुरक्षा आणि वापरकर्त्यांची माहिती बाहेर जाण्याचा धोका हेच कारण सांगितलं.

हा फरक बारीक वाटतो, पण नागरिकशास्त्राचा सगळा धडा इथेच आहे. आपल्याला हवी ती गोष्ट सरकारनं केली की आपण कारण विचारत नाही. उद्या नको ती गोष्ट केली, तेव्हा मात्र कारण विचारण्याची सवयच राहिलेली नसते.

पुढची गोष्ट मुलांना चांगली ठाऊक असते. क्राफ्टन या कोरियन कंपनीनं जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे बीजीएमआय, आणला. जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या खात्यात न्यायची सोय काही काळ दिली होती. २८ जुलै २०२२ ला तोही सरकारच्या आदेशानंतर दोन्ही दुकानांतून गायब झाला. मे २०२३ मध्ये सरकारनं तीन महिन्यांच्या चाचणीवर तो परत येऊ दिला. परतलेल्या गेममध्ये अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली.

इथे तिन्ही सत्ता एकत्र कशा चालतात बघा. आदेश सरकारचा, फळीवरून उतरवलं स्टोअरनं, सर्व्हर कंपनीचा. खेळणाऱ्याला कोणीच काही कळवायला बांधील नव्हतं.

कलम ६९अ खालचे आदेश लोकांना वाचायला मिळतात का? २००९ च्या नियमांत अशा विनंत्या, तक्रारी आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवावी असं म्हटलं आहे. सरकार कधी प्रसिद्धिपत्रक काढतं, कधी तेही नाही. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम ६९अ वैध ठरवलं, कारण त्यात मर्यादित कारणं आहेत, ती लेखी नोंदवावी लागतात आणि समितीची प्रक्रिया आहे. त्याच निकालात कलम ६६अ मात्र रद्द झालं. त्या खटल्याचं मूळ आपल्या पालघरमध्ये आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं, दुसरीनं फक्त 'लाइक' केलं होतं. कायद्याचे शब्द मोघम असले की काय होतं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

सरकार म्हणजे फक्त दिल्ली नव्हे, हेही मुलांना सांगा. मार्च २०१९ मध्ये गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी शहरात पब्जी खेळण्यावर बंदीचा आदेश काढला आणि खेळणाऱ्या काही तरुणांना अटक केली. त्याच वर्षी एका शाळकरी मुलाच्या वतीनं मुंबई उच्च न्यायालयात पब्जीवर बंदीची मागणी करणारी जनहित याचिकाही दाखल झाली होती. एकीकडे थेट अटक, दुसरीकडे न्यायालयात अर्ज. काळजी दोघांची सारखी असेल, पण रस्ते वेगळे. कोणता रस्ता बरा, यावर वर्गात चर्चा घेण्यासारखी आहे.

पैशांचे गेम आणि २०२५ चा कायदा

पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे असतो. रमी, फँटसी क्रिकेट आणि बीजीएमआय हे सगळं "ऑनलाइन गेम" या एकाच पिशवीत जातं.

आपल्या न्यायालयांनी बरीच वर्षं एक फरक पाळला: कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. याच आधारावर ऑनलाइन कंपन्या पैसे लावून खेळ चालवत होत्या. शिवाय संविधानात जुगार हा राज्यसूचीतला विषय. त्यामुळे गोव्यात परवाना घेतलेला कॅसिनो चालतो आणि शेजारी महाराष्ट्रात जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. त्याला २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यानं कौशल्य की नशीब हा फरकच बाजूला ठेवला. पैसे भरायचे आणि त्या बदल्यात पैसे जिंकण्याची आशा, असं असेल तर तो 'मनी गेम' आणि तो चालवायला मनाई. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, कारण कायदा त्याला पीडित मानतो. ई-स्पोर्ट्सला उलट प्रोत्साहन आहे. कंपन्यांनी वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत या कायद्याला आव्हान दिलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती प्रकरणं स्वतःकडे घेतली. केंद्राला हा कायदा करता येतो का, व्यवसायाच्या स्वातंत्र्यावरचं हे बंधन वाजवी आहे का, हेच त्यातले प्रश्न. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले प्रश्न.

मग मुलानं पैसे भरून ड्रेस घेतला, तो मनी गेम का? नाही. कारण तिथे पैसे परत जिंकण्याची आशा नसते. पण काही गेममध्ये बंद पेटी विकतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे मुलांना एवढं तरी सांगू या: आत काय आहे हे न सांगता कोणी विकत असेल, तर ते दुकान नाही, ती सोडत आहे.

सरकारनं मुलांच्या खेळाचे तास ठरवावेत का?

या प्रश्नाला जगात दोन टोकांची उत्तरं मिळाली आहेत. चीननं २०२१ मध्ये नियम केला की, अठरा वर्षांखालील मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढंच ऑनलाइन खेळायचं. त्यासाठी खऱ्या ओळखपत्राची नोंदणी लागते. अमेरिकेत उलट झालं. कॅलिफोर्नियानं हिंसक गेम मुलांना विकण्यावर बंदी घातली, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. पुस्तक आणि नाटकाप्रमाणे गेम हीसुद्धा अभिव्यक्ती आहे, असं न्यायालय म्हणालं.

पहिल्या उत्तरात मुलं लवकर झोपतात, पण प्रत्येक मुलाची ओळख यंत्रणेकडे जाते. दुसऱ्यात स्वातंत्र्य आहे, पण सगळा भार आईवडिलांवर. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत. २०२३ च्या आपल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. तरतूद चांगली. पण संमती देणारे आपण आहोत, आणि आपणही न वाचताच बटण दाबतो, हे विसरून चालणार नाही.

घरी काय करायचं?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत एपिक गेम्सनं ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परताव्यासाठी होते. आयोगाचा आरोप होता की, फोर्टनाइटमधली बटणं अशी रचली होती की चुकून खरेदी व्हावी, आणि मुलं पालकांच्या परवानगीशिवाय खर्च करू शकत होती. अशा फसव्या रचनांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असे १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली आहे.

म्हणून एवढं करा:

१. मुलाच्या हातातल्या फोनवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं ठेवू नका. ठेवायचंच असेल, तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा.

२. मुलाचं खातं मुलाच्या खऱ्या वयानं उघडा. "अठरा वर्षं पूर्ण" असं खोटं लिहिलं, की मुलासाठीच्या संरक्षणाची दारं आपणच बंद करतो.

३. नकळत खरेदी झाली तर ओरडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. आधी स्टोअरकडे परतावा मागा, लगेच. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कोणी फसवून पैसे काढले असतील तर सायबर हेल्पलाइन १९३०.

४. मूल स्वतःहून सांगायला आलं, तर त्याला मारू नका. मार बसला की पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि १९३० वर फोन करायला उशीर होईल.

वर्गासाठी उपक्रम

वर्गाचे चार गट करा: खेळाडू, गेम कंपनी, ॲप स्टोअर आणि सरकार. एक काल्पनिक गेम अचानक बंद झाला आहे. खेळाडूंच्या गटानं बाकी तिघांना तीनच प्रश्न विचारायचे: कोणत्या नियमानं? कारण काय? दाद कुठे? ज्या गटाला उत्तर देता येत नाही, त्यानं ते वहीत लिहून ठेवायचं. हीच वही पुढे संविधानाच्या धड्याला उपयोगी पडते.

त्या मुलाला मी आठवड्यानं उत्तर दिलं. म्हटलं, "पैसे कंपनीकडे गेले, त्यातला वाटा स्टोअरला मिळाला. सरकारनं पैसे घेतले नाहीत. आणि तो ड्रेस दादाचा कधी झालाच नव्हता, तो भाड्यानं आणल्यासारखा होता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग सर, त्यांनी तिथे 'विकत घ्या' असं का लिहिलं होतं?"

या प्रश्नावर सध्या आमचा वर्ग विचार करतो आहे. तुमच्या वर्गातही विचारून बघा.